तिघी, एक दगड आणि ठोकळेगाव

टण्ण! आणि मग काहीतरी घरंगळत जाऊन भिंतीला टेकलं.

दुपारच्या शांततेत मंजुश्रीचे डोळे खाडकन उघडले. रविवार होता. सगळी गल्ली झोपली होती. समोरच्या कौसरभाभींची शिलाई मशीनसुद्धा जेवणानंतर पेंगली होती. शेजारी सात वर्षांची निवू झोपलेली, एक पाय आईच्या पोटावर टाकून, जणू आई उठून कुठं पळून जाणार होती. तो पाय तिला न उठवता खाली ठेवायचा म्हणजे दुधावरची साय न मोडता पातेलं उतरवण्यासारखं. मंजुश्रीने तो ठेवला, त्याखाली उशी सरकवली आणि चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेली.

तिच्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, पाटावर बसल्या होत्या. समोर स्टीलचा डबा, डब्यात दशम्या. त्याचं झाकण मात्र सिलेंडरच्या मागे जाऊन पडलं होतं.

"काय करून राह्यल्या आत्याबाई?"

"दिसत नाही का? शिदोरी बांधून राह्यली."

"कोणाची?"

"आपली. साडेचारले सहलीले जायचं ना?"

मंजुश्रीने कपाळाला हात लावला. "अवं आत्याबाई, सहल कम्प्युटरमधी हाये. आपण घरातच बसणार हावो. गादीवर."

"बसू ना. म्या कुठी म्हटलं चालत जाऊ? पण मन तं जाईन ना गाव सोडून? अन् मन गेलं की पोट मागंमागं जाते." अन्नपूर्णाबाईंनी दशमीवर लसणाचा ठेचा ठेवून ती दुमडली. "मले नोको शिकवू. तीस वर्षं पाह्यले म्या सहलवाले. ज्याईनं शिदोरी आणली, त्याईनं सरोवर पाह्यलं. ज्याईनं नाही आणली, त्याईनं फक्त माह्या दुकानातले भजे पाह्यले."

लोणारच्या सरोवराच्या काठावर, वरच्या अंगाला, जिथून खाली उतरायची वाट लागते तिथं अन्नपूर्णाबाईंचं तीस वर्षं चहा-भज्यांचं दुकान होतं. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा कुठं त्या घरी बसल्या. देशोदेशीचा प्रवासी त्यांनी चहाच्या वाफेतून पारखला होता. त्यातले निम्मे तरी एकच प्रश्न विचारायचे, "आजी, ती आकाशातून पडलेली उल्का कुठे आहे हो?" आणि अन्नपूर्णाबाई गाळणं झटकत सांगायच्या, "शोधून राह्यलो बापा. सापडली की तुह्या पत्त्यावर धाडतो." पण स्वतः त्या जन्मात कधी सहलीला गेल्या नव्हत्या. दुकान सोडून जाणार कोण? आज पहिलीच वेळ होती, आणि पहिल्या सहलीत काही कमी पडू द्यायचं नाही असं त्यांनी सकाळपासून ठरवलं होतं.

सहलीचं प्रकरण असं होतं. मंजुश्रीचा नवरा शेखर गुजरातेत एका कारखान्यात फिटर होता. घरी येणं दिवाळीला. फोन रोज व्हायचा, पण फोनवर निवू "हं", "जेवली", "बरं" याच्या पुढे जात नसे; बाप तिकडे "अजून सांग ना" म्हणत राही आणि ही पंख्याकडे पाहत राही. मग शेखरने कुठूनसा एक खेळ शोधला. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक. घरात त्याला ठोकळेगाव म्हणत. तिथली झाडं चौकोनी, ढग चौकोनी, गाईंची तोंडं चौकोनी, सूर्य तर ताटात पाडलेल्या बर्फीच्या वडीसारखा. जगभरची माणसं आपापले बाहुले घेऊन तिथं हिंडत, बोलत, घरं बांधत. शेखरने आपला जुना लॅपटॉप घरी पाठवला, आणि नवल झालं. ठोकळेगावात बापाच्या शेजारून चालताना निवूच्या तोंडाला फुलस्टॉप राहिला नाही. फोनवर पंख्याकडे पाहणारी पोर तिथं बापाला शाळेतल्या बाईंच्या नवीन चपलेपर्यंत सगळं सांगायची.

दर रविवारी साडेचारला तिथली काही मराठी मंडळी नवख्या लोकांसाठी सहल काढत. ठोकळेगावात जो कोणी येईल तो गावाच्या वेशीतच उगवायचा; तिथूनच रुळांवरची डब्यांची गाडी सुटायची आणि दरी, धबधबा, बर्फाचा डोंगर दाखवत पाऊण तासाने समुद्रावर पोचायची. गाडी एकदा वेशीतून गेली की मागून येणाऱ्याने वेशीतच माशा मारत बसायचं.

मागच्या दोन्ही रविवारी शेखरने यायचं कबूल केलं आणि दोन्ही वेळा त्याची ड्युटी आडवी येऊन सहल राहिली. दुसऱ्या वेळी निवू रडली नाही. तिने शांतपणे जाहीर केलं, "आता तिसऱ्या टायमाले नाही आले तं पप्पासंग कट्टी. दिवाळीलेबी कट्टी."

अन्नपूर्णाबाई हसल्या होत्या, पण मंजुश्रीला हसू आलं नव्हतं. ही पोर शब्दाची पक्की. अमडापूरच्या मामाने कुल्फी वितळू दिली म्हणून त्याच्याशी तिने चार महिने कट्टी ठेवली होती. मामा दोन वेळा नवी कुल्फी घेऊन आला, तिने दोन्ही खाल्ल्या आणि कट्टी तशीच ठेवली. शेखर वर्षातून आठ दिवस येतो. त्यातले पहिले चार दिवस पोर त्याच्याकडे पाठ करून बसली तर? मंजुश्री हा हिशेब भाकरी थापताना करायची आणि भाकरी वाकडी व्हायची.

सव्वाचारला निवू उठली, तोंड धुतलं, आणि नवा फ्रॉक घालून गादीवर बसली. तिच्यासाठी लॅपटॉप, आजीसाठी कौसरभाभींचा मागून आणलेला टॅब, मंजुश्रीसाठी तिचाच मोबाइल. डबा मधोमध. पाण्याचा तांब्या बाजूला. तेवढ्यात मोबाइलवर शेखरचा मेसेज आला.

'डुटी बदलली. चहाची सुट्टी पावनेपाच ते पाच. तेव्हाच येता येते. गाडीले थांबाले सांग.'

मंजुश्रीने तो दोनदा वाचला आणि मोबाइल उपडा ठेवला. मग पुन्हा उचलला आणि सहलीच्या मार्गदर्शक बाईंना लिहिलं: आमचे एक माणूस पावणेपाचला येत आहे, कृपया गाडी पंधरा मिनिटे थांबवावी. उत्तर लगेच आलं: 'क्षमस्व. आपली सहल नियोजित वेळेवरच प्रस्थान करते. प्रतिमा, मार्गदर्शक.'

"पप्पाचा मेसेज?" निवूने विचारलं.

"हाव. येतो म्हणते."

"कधी?"

"येतीन ना. चाल, तू लाव आधी."

निवूने आईकडे एकदा निरखून पाहिलं. मुलींना हे जन्मतःच येतं की आई आपल्याला शिकवते, कोण जाणे.

तिघी ठोकळेगावच्या वेशीत उगवल्या. निवूचा बाहुला म्हणजे जांभळ्या पंखांची मांजर. मंजुश्रीचा बाहुला करड्या रंगाचा, साधा. ठोकळेगावात नवीन माणूस शिरलं की आधी तसाच मिळतो, मग लोक बसून त्याला केस, कपडे, डोळे निवडून देतात. त्यासाठी दहा मिनिटं लागतात. मंजुश्रीला गेल्या तीन महिन्यांत ती दहा मिनिटं सापडली नव्हती.

"अन् मी कोणती?" अन्नपूर्णाबाईंनी टॅब नाकाला लावला.

"ही पाह्य आजी. पांढरी."

पडद्यावर एक अंतराळवीर उभा होता. डोक्यावर गोल हंडीसारखं शिरस्त्राण, पाठीवर नळकांडी.

"हे काय व माय! मी काय गॅस दुरुस्त करणारी हावो का?"

"तूच म्हटलं ना आजी, चार माणसांत जायचं तं डोकं झाकलेलं पाहिजे. डोकं झाकलेला हा एकच होता."

अन्नपूर्णाबाईंनी विचार केला. घरात बसल्या बसल्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "हं. पुरं झाकलं तं हाये. चालते."

वेशीत वीसेक बाहुले जमले होते. पेंग्विन, परी, दोन पोलीस, आणि बराच जुना दिसणारा एक डायनासोर. पिवळी टोपी घातलेली बाहुली उंच दगडावर चढली आणि तिचा स्वच्छ आवाज तिन्ही यंत्रांतून थोडा पुढेमागे असा निघाला, "नमस्कार मंडळी! या निसर्गरम्य सफरीत मी, प्रतिमा, आपलं मनःपूर्वक स्वागत करते. कृपया कुणीही कशालाही हात लावू नये. आपापल्या डब्यात आसनस्थ व्हावं."

"लय शुद्ध बोलते व," अन्नपूर्णाबाई कुजबुजल्या. "पुण्याची असंन."

"आत्याबाई, हळू. माईक चालू हाये. सगळ्याईले ऐकू जाते."

"ऐकू जाऊ दे ना. म्या काही शिवी देल्ली का? शुद्ध म्हटलं."

लोक डब्यांत चढू लागले. चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. मंजुश्री आणि निवू डब्यात बसल्या. अंतराळवीर मात्र रुळाशेजारी खांबासारखा उभा.

"आजी, चढ ना."

"थांब. किती जण हावो आपण?"

"तीन."

"तिघं?" अन्नपूर्णाबाईंनी टॅब गादीवर ठेवला. "मी नाही येत."

"आत्याबाई!"

"तिघं कधी निघालं का घरातून? तीन तिघाडा, काम बिघाडा. माह्या लग्नाले नवरदेवाकडचे तिघं निघाले तं बैल बसला वाटेत, अन् नवरी मांडवात घामानं भिजली. शेखर चौथा होता म्हणून मी गप होतो. आता तो नाही, तं चौथा दगड घ्या. घराबाहेर पडताना खिशात दगड घेत नाही का आपण?"

मंजुश्रीने उठून दारातल्या तुळशीच्या कुंडीतून एक खडा आणला आणि सासूच्या हातात दिला. "घ्या. हा चौथा."

अन्नपूर्णाबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. "हा इथचा. आपण तिथून निघून राह्यलो. दगड तिथचाच पाहिजे."

"आजी म्हणते ते बरोबर हाये मम्मी," निवू गंभीरपणे म्हणाली. ठोकळेगावाचे नियम तिला जास्त कळत. जांभळी मांजर डब्यातून टुणकन उतरली. इकडे तिकडे पाहिलं; जमिनीवर गवत, फुलं, रूळ. सुटा दगड कुठंच नाही. वेशीच्या मागे मात्र एक उंच, लांबच लांब दगडी भिंत होती. मांजरीने खालच्या ओळीतल्या एका दगडावर पंजा मारला, टक, टक, टक. दगड निघाला आणि मांजरीच्या पिशवीत गेला.

"घेतला आजी!"

"शाब्बास माही बाय. आता चढतो."

साडेचार झाले. प्रतिमाने शिट्टी फुंकली. गाडी हलली. "आपल्या डाव्या बाजूस," प्रतिमा म्हणाली, "आपणांस दिसेल ती सूर्यफुलांची..."

तेवढ्यात मागून सूं असा आवाज आला.

ती भिंत साधी नव्हती. सहलवाल्या मंडळींनी चार महिने खपून पुढच्या धबधब्यासाठी जो तलाव बांधला होता, त्याचा तो बांध होता. आणि खालच्या ओळीतला एक दगड निघाला की बांधाचं काय होतं, ते लोणारच्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या गावाला एकच तलाव, आणि तो बिनबांधाचा.

पाणी आलं ते चौकोनी आलं, पण पाण्यासारखंच आलं. आधी सूर्यफुलं गेली. मग रूळ उचलले गेले. पेंग्विन हसत हसत वाहून गेला, कारण त्याला वाटलं हा सहलीचाच भाग आहे. परीचे पंख भिजले. दोन्ही पोलीस एकमेकांना "तू पाह्य, तू पाह्य" म्हणत झाडावर चढले. गाडीचे डबे गोल गोल फिरत मागे आले आणि वेशीच्या कमानीला लागून डुलायला लागले. पिवळी टोपी तरंगत चालली होती, तिच्यामागे प्रतिमा हात मारत होती, आणि तिच्या तोंडून मनःपूर्वक, आसनस्थ, नियोजित असं काहीही निघत नव्हतं. निघत होतं ते एवढंच,

"अवं माय व! अवं माय! बुडालं व सारं!"

अन्नपूर्णाबाईंनी टॅबच्या जवळ तोंड नेलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "कुठची व तू?"

पलीकडून बारीक आवाजात, "रोहिणखेडची, आजी."

"मोताळ्याजवळचं? अवं मंग आपल्याच जिल्ह्यातली हाये असं सांग ना! मी मघापासून पदर सावरून बसली."

"आजी, पाणी कुठून येऊन राह्यलं ते पाहू द्या आधी! कोणीतरी बांधाचा दगड काढला!"

निवूने आजीकडे पाहिलं, मंजुश्रीने निवूकडे. गादीवरच्या तिघींच्या माना खाली गेल्या. वाटलं असतं तर लपता आलं असतं, वीस बाहुल्यांच्या गलक्यात कुणाचं लक्ष नव्हतं. पण अन्नपूर्णाबाईंच्या दुकानात तीस वर्षं एकच शिस्त होती, भजं करपलं तर गिऱ्हाइकाला आधी सांगायचं.

"आम्ही काढला," त्या म्हणाल्या. "आम्ही तिघी होतो, तिघं निघू नये म्हणून चौथा घेतला. पोट्टीचा दोष नाही, म्या सांगतलं. परत लावून देतो."

प्रतिमाचा सुस्कारा ऐकू आला. "माही आजीबी असंच करायची," ती म्हणाली. "बरं, लावा परत. पण आता रूळ बांधाले लागतीन. सगळ्याईले थांबावं लागते पंधरा-वीस मिनिटं."

"पंधरा-वीस?" मंजुश्री ताडकन सरळ बसली. मोबाइलच्या कोपऱ्यात घड्याळ होतं: चार सदतीस.

निवूने दगड जागेवर बसवला. बांध बुजला, पण आलेलं पाणी जाणार कुठं? वेस होती खोलगट जागी, चारी बाजूंनी टेकड्या. पाणी त्या खळग्यात साठलं आणि स्थिरावलं. गोल, हिरवट, काठावर झाडी.

"मंजू," अन्नपूर्णाबाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "हे कुठी पाह्यल्यासारखं वाटते ना?"

"वाटते."

"इतक्या दूर आलो अन् पाह्यलं काय, तं सरोवर! घरची खिडकी उघडली असती तं दिसलं असतं."

पण बाकीचे काठावर गोळा झाले होते आणि फोटो काढत होते. पेंग्विन परतला आणि म्हणाला की सहल एक नंबर आहे. डायनासोर घसा खाकरून भारदस्त आवाजात म्हणाला, "मी नाशिकहून. हे सरोवर कसं निर्माण झालं, याची माहिती मिळेल का?"

अंतराळवीर पुढे सरकला. आता अन्नपूर्णाबाईंना कोण अडवणार! गुडघे नसलेल्या जगात त्या पहिल्यांदा थेट पाण्याच्या काठावर उभ्या होत्या. "या बसा," त्या म्हणाल्या. "हे सरोवर लय जुनं हाये. झाले असतीन दहा मिनिटं."

"आणि उल्का?"

"उल्का ना? ते पाह्य," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "ती जांभळी मांजर."

काठावर हशा पिकला. निवू खदखदून हसली, इतकी की तिच्या फ्रॉकवर दशमीचा तुकडा सांडला. मंजुश्रीही हसली, पण तिचा एक डोळा घड्याळावर होता. चार बेचाळीस. चार चव्वेचाळीस. पलीकडे प्रतिमा भराभर रूळ टाकत होती, आणि मंजुश्री देवाजवळ मनातल्या मनात मागत होती, एवढी कामसू पोरगी आजच्या दिवस जरा आळशी होऊ दे.

पावणेपाच झाले, शेहेचाळीस झाले. निवूचं हसणं थांबलं होतं. तिने डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं, उघडलं.

आणि पाण्याच्या मधोमध बुडबुडे आले.

"अरे! अरे बापा! अरे हे काय हाये बे?" शेखरचा आवाज आला. त्याच्या मागे कारखान्याची घरघर, कुणाचं तरी गुजरातीत ओरडणं. "मंजू! मी कुठी आलो? मले काही दिसून नाही राह्यलं! हिरवं हिरवं हाये सगळं!"

नवा येणारा वेशीतच उगवतो. वेस पाण्याखाली होती.

"पप्पा बुडाले!" निवू गादीवर उभी राहिली.

"थांब, मी काढते!" मंजुश्रीने आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलवर इतक्या जोरात अंगठा दाबला असेल. करडा बाहुला धप्पकन पाण्यात पडला. गढूळ पाण्यात तिच्या हाताला काहीतरी लागलं, तिने ते ओढलं.

"कोण ओढून राह्यलं मले?"

"मी!"

"मी कोण?"

"तुमची बायको!"

माईक सगळ्यांसाठी चालू होता. काठावरचे वीस बाहुले टाळ्या वाजवायला लागले. डायनासोर म्हणाला, "वा वा वा, जन्मोजन्मी!" मंजुश्री लाजेने लाल झाली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. कुणी पाहत नव्हतं तरी.

पाण्यातून दोन बाहुले वर आले. दोन्ही करडे, दोन्ही साधे, केस नाहीत, कपडे नाहीत. शेखरलाही ती दहा मिनिटं कधी सापडली नव्हती.

निवू एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिली. "यातली मम्मी कोणती अन् पप्पा कोणते?"

"जोडा तं मस्त शोभते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"जो उडी मारते तो पप्पा!" शेखर म्हणाला आणि एक बाहुला उड्या मारायला लागला. जांभळी मांजर धावत गेली आणि त्याच्या अंगावर आदळली. ठोकळेगावात मिठी मारायची सोय नाही. नुसतं आदळता येतं. ती चार वेळा आदळली.

वेशीची कमान तेवढी पाण्याबाहेर होती. चौघं तिच्यावर चढून बसले.

"दात पडला का व तुहा? स-स असं ऐकू येऊन राह्यलं."

"वरचा. पप्पा, म्या नाही गिळला. कौसरचाचीच्या कोंबडीनं गिळला."

"कोंबडीनं?"

"म्या तिले दाखवत होतो. मंग तिनं घेतला. मंग चाचीनं कोंबडीले उलटं धरलं. तरी नाही निघाला. पप्पा, आता कोंबडीले दात येईन का?"

"आला तं अंडे चावून खाईन ती."

निवूला हे पुरतं पटलं. मग कोंबडीवरून शाळा, शाळेवरून बाईंची चप्पल, चपलेवरून पुन्हा कोंबडी. शेखर मधे मधे "हाव?" "मंग?" "काय सांगते!" करत होता. मंजुश्रीचा करडा बाहुला त्याच्या करड्या बाहुल्याच्या शेजारी बसला होता, आणि तिला एवढंच कळत होतं की बाहुल्यांच्या खांद्यांत मघा एका ठोकळ्याचं अंतर होतं, ते आता राहिलं नाही. कुणी सरकवला, तिने की त्याने, तिच्या ध्यानात नव्हतं.

"जेवला का रे?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"चहा-बिस्कूट हाये आई."

"बिस्कूट! हे पाह्य, दशमी आणली." त्यांनी दशमी टॅबच्या पुढ्यात धरली, अगदी काचेला टेकवून. ठोकळेगावात कॅमेरा नसतो, पलीकडच्याला फक्त अंतराळवीर दिसतो. मंजुश्रीला ते माहीत होतं. शेखरलाही माहीत होतं.

शेखरने जोरात श्वास ओढल्याचा आवाज आला. "ठेचा लसणाचा हाये ना?"

"हाव रे!" अन्नपूर्णाबाईंचा चेहरा उजळला. "कसं समजलं?"

"वास आला ना आई."

अन्नपूर्णाबाईंनी सुनेकडे पाहिलं, अशा नजरेने की बघ, शिदोरी वाया गेली का? मंजुश्रीने काचेवरचा ठेचा बोटाने पुसला आणि ते बोट चाटलं.

पाच वाजायला दोन मिनिटं असताना कारखान्याचा भोंगा झाला. मोबाइलमधून तो गाईच्या हंबरण्यासारखा ऐकू आला.

"चला, निघतो मी," शेखर म्हणाला.

"थांबा ना पप्पा, आता गाडी सुटणार हाये. बर्फाचा डोंगर हाये पुढं."

"तू पाह्य, अन् मले सांग. मी येतो ना दिवाळीले... आलो, आलो!" हे शेवटचं तिकडच्या कुणाला तरी होतं. "निवू, कट्टी का बट्टी?"

निवूने गाल फुगवले. सगळी गादी श्वास रोखून बसली.

"बट्टी," ती म्हणाली. "पण अर्धी."

"अर्धी चालते," शेखर म्हणाला. पुक् असा आवाज झाला आणि कमानीवर तीनच बाहुले राहिले.

मंजुश्रीने श्वास सोडला. अर्धी तर अर्धी, उरलेली दिवाळीत करून घेऊ. पलीकडून प्रतिमाची शिट्टी आली. रूळ झाले होते; या खेपेला तिने शुद्ध बोलायचा नाद सोडला होता. "चला व आजी, चला सारे, गाडी निघून राह्यली! अन् आजी, आता कशाले हात लावसान तं पाह्यजा!"

"नाही लावत व! आम्ही काय रोजचे दगडचोर हावो का?" अन्नपूर्णाबाई डायनासोरच्या शेजारचा डबा धरायला निघाल्या, आता चौथा तोच, आणि त्याला सरोवराची उरलेली माहितीही द्यायची होती.

बर्फीच्या वडीसारखा सूर्य पाण्याकडे उतरत होता. जांभळी मांजर मात्र कमानीवरून हलली नाही. निवूने लॅपटॉपवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि आईच्या कुशीत सरकली.

"मम्मी."

"हं."

"पप्पाले इथी यायले किती वेळ लागला?"

"लागला नाही ना बाई. बटण दाबलं अन् आले."

निवूने जरा विचार केला.

"मंग घरी यायले दिवाळी काऊन लागते?"